आईची पीएफटी परत करायची का? आधी ग्राफ बघा, आकडे नंतर

दादा, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आई ६३ वर्षांच्या, आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षं चुलीपुढं गेली, बिडी-तंबाखूला कधी हात लावला नाही, पण आता एक जिना चढला की दम लागतो आणि थंडीत धरलेला खोकला महिनाभर सुटत नाही. डॉक्टरांनी पीएफटी, म्हणजे मशीनमध्ये फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी, सांगितली, तिथला माणूस "फुंका फुंका" म्हणून अंगावर ओरडत होता, आई पाच वेळा फुंकून रडवेल्या झाल्या आणि रिपोर्टवर आलं मॉडरेट ऑब्स्ट्रक्शन विथ पॉसिबल रिस्ट्रिक्शन, म्हणजे श्वासाच्या नळ्यांत मध्यम अडथळा आणि कदाचित फुप्फुसही आकसलेलं, खाली बारीक अक्षरात सबऑप्टिमल एफर्ट, म्हणजे फुंकणं पुरेसं झालं नाही. आता डॉक्टर परत करा म्हणतायत. तुम्हाला शंका अशी की हे पैसे काढायचे धंदे आहेत का, आणि कोविडमध्ये आणलेलं तीन बॉलचं यंत्र घरात पडलंय त्यावर मोजून भागणार नाही का.

मी एकोणीस वर्षं हेच करतेय. छातीच्या ओपीडीला लागून एक छोटी खोली, त्यात मशीन, खुर्ची आणि मी. दिवसाला दहा-बारा जण फुंकून जातात, त्यातले निम्मे तरी बाहेर पडताना म्हणतात "बाई लय ओरडते". त्यामुळे तुमचा राग ओळखीचा आहे.

आधी तीन बॉलचं आटपून टाकते. ते स्पायरोमीटर, म्हणजे पीएफटीचं श्वास मोजायचं मशीन, नाही, लोक त्यालाही तेच म्हणतात म्हणून सगळा घोळ. त्यात फुंकायचं नसतंच, श्वास आत ओढायचा असतो, आणि त्यावर ६००, ९००, १२०० असं जे छापलेलं असतं ते सेकंदाला किती सीसी वेगानं हवा ओढली त्याचे आकडे आहेत, फुप्फुसात किती मावतं त्याचे नाहीत. ऑपरेशननंतर माणूस दुखतंय म्हणून वरवर श्वास घेतो आणि खालचा भाग बसून जातो, तो उघडा राहावा म्हणून तो व्यायाम देतात. कोविडमध्ये घरोघरी आणलं आणि "माझे तिन्ही बॉल वर जातात म्हणजे माझं फुप्फुस शंभर टक्के" असं सोसायटीच्या ग्रुपवर सुरू झालं. तुमच्या आईंसारख्या पेशंटला हवा आत घ्यायला तितका त्रास नसतो, बाहेर काढायला असतो, त्यामुळे त्यांचेही तिन्ही बॉल वर जाऊ शकतील आणि त्यावरून काहीच कळणार नाही.

आता ओरडण्याचं. बीपी, ईसीजी, एक्स-रे यात पेशंटनं नुसतं गप्प बसायचं असतं, मशीन आपलं काम करतं. पीएफटीत मात्र टेस्ट पेशंटनं स्वतः करायची असते, मशीन फक्त लिहून घेतं. छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा, एकदम धाडकन सोडायचा, आणि मग जेव्हा वाटतं की संपलं आता काही उरलं नाही, तेव्हाही सोडतच राहायचं. हा तिसरा भाग कोणालाच आपणहून जमत नाही, मलाही नाही, कारण शरीर सारखं सांगत असतं की बास आता श्वास घे. तिथं समोरचा "अजून अजून अजून, सोडत राहा, थांबू नका" असं ओरडला नाही तर माणूस दोन-तीन सेकंदात थांबतो. गोड आवाजात ही टेस्ट घेणारा टेक्निशियन मला तरी अजून भेटला नाहीये. पण ओरडायच्या आधी दोन मिनिटं समजावून सांगायला हवं की मी ओरडणार आहे, तुमच्यावर चिडून नाही. स्वतः एकदा फुंकून दाखवायला हवं. ते तुमच्याकडं झालेलं दिसत नाही आणि ती चूक तिथल्या माणसाची, आईंची नाही.

तुम्ही जे आकडे टाकलेत ते बघू. आईंची उंची १५२. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण भरून पूर्ण सोडलेली एकूण हवा, १.७४ लिटर, अपेक्षित २.३० होती, म्हणजे ७६ टक्के. एफईव्ही वन, म्हणजे त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर आलेली हवा, १.०२ लिटर, अपेक्षित १.८०, म्हणजे ५७ टक्के. दोघांचा रेशो ५९ टक्के. आणि एक आकडा तुम्ही लिहिलाय पण त्याबद्दल काहीच विचारलं नाहीये, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा तोच: एफईटी २.८ सेकंद. फुंकणं किती वेळ चाललं ते हे.

निरोगी माणूस पहिल्या सेकंदातच आपली तीन-चतुर्थांश किंवा जास्त हवा बाहेर टाकतो, तरुण असेल तर ८० टक्क्यांच्या वर. श्वासाच्या नळ्या बारीक झाल्या असतील तर हवा असते तेवढीच पण निघायला वेळ लागतो, बारीक तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतल्यासारखं. मग दहा-दहा, बारा-बारा सेकंद थोडी थोडी निघत राहते. आईंनी २.८ सेकंदाला तोंड काढलं तेव्हा आत अजून निघण्यासारखी हवा होती. ग्राफ तुम्ही फोटोत दिलाय, बरं केलंत, त्यात व्हॉल्यूम-टाइमची, म्हणजे किती वेळात किती हवा निघाली ती, रेघ वर चढत असतानाच तुटलेली स्पष्ट दिसतेय. ती शेवटी सपाट व्हायला हवी. नियम असा की शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी वाढ व्हावी किंवा १५ सेकंद पूर्ण व्हावेत. आधी सहा सेकंद फुंका असा सरसकट नियम होता, २०१९ च्या अमेरिकन-युरोपियन स्टँडर्डमध्ये तो बदलला, पण बऱ्याच ठिकाणी अजून सहा सेकंदच धरतात. २.८ यातल्या कशातच बसत नाही.

तर यातून निघतं काय? एफव्हीसी खोटी कमी आलीय. मशीनला कुठं ठाऊक की आई मधेच थांबल्या, त्याला ७६ टक्के दिसले, ८० च्या खाली, त्यानं लिहून टाकलं पॉसिबल रिस्ट्रिक्शन. म्हणजे फुप्फुस आकसलंय की काय असा संशय. तुम्ही तोच शब्द गुगल करून फायब्रोसिसपर्यंत, म्हणजे फुप्फुस ताठ होऊन आकसण्याच्या आजारापर्यंत, पोचलात आणि झोप घालवून बसलात. समजा त्यांनी पूर्ण फुंकलं असतं आणि २.१० लिटर आली असती, तर ती ९१ टक्के झाली असती आणि तो शब्द रिपोर्टवर आलाच नसता.

पण ऑब्स्ट्रक्शन? ते या चुकीनं खोटं ठरत नाही. उलट बघा, रेशोमध्ये खाली एफव्हीसी असते, ती खोटी कमी म्हणजे रेशो खोटा जास्त. १.०२ भागिले २.१० केलं तर रेशो ४९ येतो, ५९ नाही. म्हणजे आईंच्या अर्धवट फुंकण्यानं आजार थोडा झाकलाच, वाढवून दाखवलेला नाही. एकाच चुकीनं रिपोर्टचा एक अर्धा भाग खोटा केला आणि दुसरा अर्धा आहे त्यापेक्षा सौम्य. हे मी त्यांच्या ग्राफची सुरुवात चांगली दिसतेय म्हणून बोलतेय, फ्लो-व्हॉल्यूमच्या, म्हणजे हवा किती वेगानं निघाली त्या दुसऱ्या ग्राफचा कडा सरळ वर गेलाय आणि टोक टोकदार आहे. सुरुवातच ढिली असती, टोक गोलसर डोंगरासारखं असतं, किंवा पहिल्या सेकंदात खोकल्याचा दाता आला असता, तर एफईव्ही वनवरही भरवसा ठेवता आला नसता आणि मी म्हटलं असतं सगळा कागद बाजूला ठेवा.

म्हणून ग्राफ आधी बघायचा. टोकानंतर रेघ खाली येताना सरळ न येता झोळीसारखी आत पोक काढून आली की नळ्यांमध्ये अडथळा, तुमच्या आईंची तशी आहे. आकार नेहमीसारखाच पण सगळाच अरुंद असेल तर हवा मुळातच कमी. आणि वरचा-खालचा दोन्ही भाग कापल्यासारखा सपाट, चौकोनी डब्यासारखा, तर श्वासनलिकेतच वर कुठंतरी अडकलंय, गॉयटर म्हणजे गळ्यातली थायरॉइडची सूज असेल किंवा बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहून नळी आकसलेली असेल. असा डबा मी एकोणीस वर्षांत मोजून सहा-सात वेळा पाहिला असेन, त्यातल्या दोघी कित्येक वर्षं दम्याचे पंप घेत होत्या.

थोडं मागं जाते, कारण तुम्ही विचारलंय की नुसता श्वास मोजून काय कळतं. हे यंत्र नवीन नाही. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं पाण्यात उलटी टांगलेली टाकी घेऊन खलाशी, पोलीस, कुस्तीगीर अशा दोन हजारांवर लोकांचे श्वास मोजले, व्हायटल कपॅसिटी हा शब्द त्याचाच, आणि उंचीप्रमाणे ती वाढते हेही त्यानंच दाखवलं. पण तो मोजत होता हवा किती. किती वेळात निघते हे बघायला शंभर वर्षं गेली, १९४७ मध्ये फ्रान्समध्ये टिफनो आणि पिनेली यांनी एका सेकंदाची हवा मोजायची पद्धत आणली. तुमच्या आईंचा आजार या दुसऱ्या आकड्यात सापडतो, नुसत्या पहिल्यात नाही. आणि कितीही फुंकलं तरी लिटरभर हवा आत राहतेच, तिला रेसिड्युअल व्हॉल्यूम म्हणतात, ती स्पायरोमीटरला कधीच दिसत नाही. म्हणून रिस्ट्रिक्शन हे स्पायरोमेट्रीवरून पक्कं म्हणता येत नाही, त्याला काचेच्या केबिनमध्ये बसवून करतात ती बॉडी प्लेथिस्मोग्राफी किंवा हेलियमची टेस्ट लागते, ती मोठ्या सेंटरलाच होते. सध्या तुम्हाला त्याची गरज मला तरी दिसत नाही. आधी एफव्हीसी नीट येऊ दे.

पंपाच्या आधी आणि पंपानंतर असे दोन रकाने आहेत तेही बघू. चार पफ साल्बुटामॉल म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकवलं, एफईव्ही वन १.०२ वरून १.१६ झाला. १४० मिली वाढ, टक्क्यात जवळपास १४. रिपोर्टवर "नो सिग्निफिकंट रिव्हर्सिबिलिटी" लिहिलंय आणि तुम्ही म्हणता १४ टक्के तर १२ पेक्षा जास्त आहेत मग नो कसं. जुन्या नियमात १२ टक्के आणि २०० मिली अशा दोन्ही अटी लागतात, नुसते टक्के पुरत नाहीत, कारण मुळात आकडा छोटा असला की थोड्या मिलीतही टक्के फुगतात. नवीन नियम अपेक्षित आकड्याच्या तुलनेत १० टक्क्यांहून जास्त वाढ मागतो, १४० मिली म्हणजे १.८० च्या ८ टक्क्यांच्या आत, तिथंही नाही बसत. म्हणजे लिहिलंय ते बरोबर आहे. आणि याचा अर्थ पंपाचा उपयोग होणार नाही असा मुळीच नाही, हे मी प्रत्येक पेशंटला सांगते, कारण हा कागद बघून पंप बंद करणारे कमी नाहीत. पंपानंतरही रेशो ६४, म्हणजे ७० च्या खालीच, त्यामुळे तुमचे डॉक्टर सीओपीडीच्या, म्हणजे धुरानं नळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, दिशेनं विचार करत असणार. चूल, इतकी वर्षं, आणि हा ग्राफ, विचार बरोबर दिशेनं चाललाय. निदान मात्र त्यांनी करायचं, मी टेक्निशियन आहे.

तो ७० चा आकडाही दगडावरची रेघ नाही. वय वाढेल तसा रेशो आपोआप खाली येतो, ऐंशीच्या आजोबांचा ६८ असला तर कदाचित काहीच नसेल आणि पंचविशीच्या पोराचा ७२ असला तर असेल. म्हणून नवीन रिपोर्टवर एलएलएन, म्हणजे त्या वयाच्या नॉर्मलची खालची हद्द, किंवा झेड-स्कोअर, म्हणजे अपेक्षित आकड्यापासून किती लांब ते, असतो, झेड-स्कोअर उणे १.६४ च्या खाली गेला तर कमी धरायचं. आईंच्या बाबतीत दोन्हीकडून उत्तर एकच येतंय. आणि एफईएफ २५-७५, म्हणजे फुंकीच्या मधल्या भागातला वेग, लाल रंगात दिसला म्हणून घाबरू नका, तो आकडा फार हलतो, आणि फुंकणं मधेच सोडलं असेल तर त्याला काडीची किंमत नाही.

अपेक्षित आकडे कुठून येतात हा प्रश्न लोक विचारत नाहीत, विचारायला हवा. वय, उंची, बाई की पुरुष यावरून मशीन काढतं, आणि कोणत्या लोकांच्या मोजमापावरून ते फॉर्म्युले बनलेत ते सेटिंगमध्ये निवडलेलं असतं. सरसकट युरोपियन आकडे लावले तर आपली चांगली माणसंही कमी दिसतात, पूर्वी त्यातून दहा टक्के वजा करायची पद्धत होती, मुंबईत आणि दिल्लीत आपल्याकडच्या लोकांवर वेगळे अभ्यासही झालेत. त्यामुळे एका लॅबचे टक्के दुसऱ्या लॅबच्या टक्क्यांशी जुळवत बसू नका, लिटरमधले आकडे जुळवा.

उंचीवरून माझीच एक चूक सांगते. नोकरीला लागून वर्ष झालं असेल, एका मावशींची उंची १४६ होती, मी घाईत १६४ टाकली. अठरा सेंटिमीटर. मशीनच्या हिशेबानं त्यांचं फुप्फुस भलतंच छोटं निघालं, रिपोर्टवर रिस्ट्रिक्शन आलं, त्यांना सीटी स्कॅन सांगितला गेला आणि त्यांचा मुलगा उसने पैसे घेऊन आला. सीटीत काही नव्हतं. डॉक्टरांनी फाइल परत माझ्याकडं पाठवली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी कागदावरची उंची घेत नाही, चप्पल काढून भिंतीला टाच लावून स्वतः मोजते, आणि पाठीला पोक असेल तर दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत. तुमच्या रिपोर्टवर १५२ आहे, ती खरंच मोजली होती की विचारली होती, आठवून बघा.

परत टेस्ट करायला जाल तेव्हा सकाळीच विचारा की आज कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी, झालंय का. तीन लिटरची एक जाडजूड सिरिंज असते, तिनं मशीनमध्ये हवा ढकलायची आणि मशीननं २.९१ ते ३.०९ च्या मधे दाखवायला हवं. विचारलेलं कोणाला आवडत नाही पण विचारा. खोलीचं तापमानही टाकावं लागतं, कारण आतली हवा ३७ डिग्रीची आणि दमट, बाहेर पंचविसाच्या एसीत आली की आकसते, साताठ टक्क्यांचा फरक तिथंच पडतो.

आणि आईंना चुलीचं उदाहरण देऊ नका! हे मी एका सांगलीकडच्या आजींकडून शिकले. मी म्हटलं, आजी, चूल फुंकता तसं फुंका. त्यांनी गाल फुगवले, ओठांचा चंबू केला आणि अगदी हळूवार, एकसारखी, लांबलचक फुंकर घातली, निखारा उडू नये अशी. काय सुंदर फुंकर होती, पण ग्राफवर नुसती आडवी टेकडी. पन्नास वर्षांची सवय ती, जोरात फुंकलं तर राख तोंडावर येते ना. मग मी मोठ्यानं हा..! करून दाखवलं, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडं ठेवून, छातीतून, गालातून नाही. नळी दातांच्या मागं, जीभ खाली, ओठ बाहेरून घट्ट. तिसऱ्या वेळी आला ग्राफ. आजी म्हणाल्या, हे तर भूत घालवल्यासारखं झालं.

घरी कागदाची गुंडाळी करून तसं दोनदा करून बघा, जास्त नको, चक्कर येते. टेस्टच्या आधी बाथरूमला जाऊन यायला सांगा, हे महत्त्वाचं आहे आणि कोणी बोलत नाही. या वयाच्या बायकांना जोर लावला की लघवीचे थेंब जातात, त्या भीतीनं त्या अर्ध्यात थांबतात आणि मुलासमोर सांगत नाहीत. २.८ सेकंदाचं कारण कदाचित एवढंच असेल. जमलं तर बहीण किंवा बायकोला सोबत पाठवा, तुम्ही बाहेर बसा, आणि टेक्निशियन बाई असेल तर बरंच. नेहमी पदर घट्ट खोचून बसत असतील तर त्या दिवशी सैल ठेवा, कवळी घट्ट बसणारी असेल तर तोंडातच असू दे, ओठांना आधार मिळतो. जेवण हलकं.

पंप चालू असतील तर डॉक्टरांना विचारून थांबवायचे, साल्बुटामॉलचा निळा पंप साधारण चार ते सहा तास, बारा तासांचे लांब पल्ल्याचे २४ तास, दिवसातून एकदाचे ३६ ते ४८ तास. पण दम लागला तर सरळ घ्या आणि घेतल्याची वेळ सांगा, टेस्टपायी कोणी जीव काढायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, आठवडाभरात हार्ट अटॅक येऊन गेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर आधी सांगा, अशा वेळी आम्ही फुंकायला लावत नाही. खोकला फार दिवसांचा आहे म्हणताय तर थुंकीची टीबीसाठी तपासणी झालीय का तेही बघा, टीबीचा संशय असला तर ती आधी. टीबी होऊन गेला असेल तर तोही सांगा, त्यानंही असाच ग्राफ येऊ शकतो.

पाच वेळा फुंकायला लावलं ते जास्त नाही. निदान तीन चांगल्या फुंकी लागतात आणि त्यातल्या दोन उत्तम फुंकींमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको, मोठ्या माणसाला साधारण आठपर्यंत संधी देतात, त्यापुढं माणूस दमतो आणि आकडे खालीच येतात. आठ झाल्यावरही जमलं नाही तर मी सरळ सांगते, आज नको, आठवड्यानं या, पुन्हा पैसे घेणार नाही. तुमच्या सेंटरलाही विचारा, एफर्ट सबऑप्टिमल असं त्यांनीच लिहून दिलंय, तर दुसऱ्या वेळचे पूर्ण पैसे कशाला. बऱ्याच ठिकाणी विचारलं की कमी करतात.

तर हो, परत करा, पण दुसऱ्या कागदावर सगळ्यात आधी एफईटी आणि रेघेचं शेपूट बघा. शेपूट सपाट झालेलं असेल आणि तरीही एफव्हीसी कमीच असेल, तर तो फोटो इथं टाका, मग वेगळं बोलावं लागेल.